नऊ नंबरची जागा: सांगलीच्या एका फुटबॉल स्ट्रायकरचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातल्या क्लबांची, तालमीची (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात) आणि हॉस्पिटलची नावं गाळली आहेत, काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. खेळाडूला इथे 'फॉरवर्ड' म्हटलं आहे. आमच्याकडे मैदानावर स्ट्रायकरला अजूनही तसंच म्हणतात. शाळेत मी त्याचा क्रीडाशिक्षक होतो. पुढे घरचे करारपत्रं वाचून घ्यायला माझ्याकडे येऊ लागले, त्यामुळे बहुतेक कागद मी पाहिलेले आहेत.

पार्श्वभूमी

सांगलीत पोरगं खेळतं म्हटलं की लोक आधी क्रिकेटचं विचारतात, मग कुस्ती आणि कबड्डीचं. विजय हजारे इथले, स्मृती मानधना इथली. फुटबॉलचं प्रेम मिरजेत सापडतं आणि वेड बघायचं असेल तर कोल्हापूरला जावं लागतं. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात.

फॉरवर्ड २००३ चा. वडील कुपवाड एमआयडीसीत लेथवर कामाला, आई घरी शिवणकाम करते, घर सांगलीत नदीकाठच्या भागात. पोरात वेग होता, पण मला त्याची आवडायची ती दुसरी गोष्ट. गोलकडे पाठ करून बॉल घ्यायचा, डिफेंडरला अंगावर घ्यायचा आणि एका स्पर्शात वळायचं. हे शिकवून येत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याला मी शिकवलं नव्हतं.

२०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्या वर्षी आमच्या भागात बूट घेणाऱ्या पोरांची संख्या एकदम वाढली आणि आईबापांची गणितंही बदलली. फॉरवर्ड तेव्हा चौदा वर्षांचा. त्याला पुण्यात ठेवावं असं घरच्यांना वाटत होतं, पण पुण्याचा इतिहास बघा. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला आणि २०१५ ला आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ ला थांबला, एफसी पुणे सिटी २०१९ ला. ज्या शहराकडे सगळा पश्चिम महाराष्ट्र बघत होता, तिथे पोराला चार-पाच वर्षं एका जागी ठेवता येईल असा क्लब उरला नाही. फॉरवर्ड परराज्यातल्या निवासी अकादमीत गेला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घर पाण्यात गेलं. भिंती, मीटर, शिलाई मशीन, सगळंच. डागडुजीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि सहा-सात महिन्यांत लॉकडाऊन लागला. २०२१ च्या सुरुवातीला एका वरच्या लीगच्या क्लबाचा करार आला, त्या वेळी घराची परिस्थिती ही होती.

पहिला करार

पोरगं सतरा वर्षांचं, त्यामुळे सही वडिलांचीही. कागदावर होतं: तीन हंगाम, आणि पुढचे दोन हंगाम 'क्लबच्या इच्छेनुसार'. वडिलांनी ते पाच वर्षांची नोकरी असं वाचलं. फिफाच्या नियमात अठराच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त करार करता येत नाही आणि त्यापुढचं कलम ग्राह्य धरलं जात नाही. म्हणजे ती दोन वर्षं कोणालाच बांधत नव्हती. क्लबाला हे ठाऊक होतं. घरात कोणालाच नव्हतं.

सोबत एक एजंट आला. अकादमीतल्या कोणाच्या तरी ओळखीचा, वागायला गोड, पगाराच्या दहा टक्के घेणारा. पुढे २०२३ च्या फिफा नियमांत अशा छोट्या पगारांवर पाच टक्क्यांची मर्यादा आली, तीही युरोपातल्या कोर्टकचेरीत लटकली. परवान्याची परीक्षा पास झालेल्यानेच हे काम करायचं, हा नियमही त्याच वर्षीचा. या गृहस्थाकडे परवाना कधीच नव्हता.

महिना ३५,००० रुपये, राहणं-खाणं क्लबाचं. पतसंस्थेचे हप्ते सुरू झाले. त्या घडीला सही करणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. सहीआधी कागद दोन दिवस घरी ठेवून वाचायला हवा होता, एवढंच.

अडचण

राखीव संघात तो चांगला खेळला. २०२२ मध्ये राखीव संघांसाठी रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली, तिथे गोल केले, मुख्य संघाच्या यादीत नाव आलं. सांगलीत गल्लीत फ्लेक्स लागला. २०२२-२३ च्या अख्ख्या हंगामात मुख्य संघाकडून त्याला मिळाली ४१ मिनिटं, तीही पाच तुकड्यांत.

हे त्याच्या कुवतीपेक्षा त्याच्या जागेमुळे झालं. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची लीग) २०२१ पासून एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात, त्याआधी पाच येत. चार जागांमधली एक बहुतेक क्लब डोळे मिटून स्ट्रायकरवर खर्च करतात, कारण गोलला पैसा मोजायला कोणी मागेपुढे बघत नाही. भारतीय साइडबॅकला, विंगरला, गोलकीपरला जागा मिळते. भारतीय नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर, बाकावर बसतो. देशाच्या संघालाही हेच भोवलं. भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री ६ जून २०२४ ला कुवेतविरुद्ध कोलकात्यात निवृत्त झाला आणि नऊ महिन्यांत, चाळिशी उलटलेली असताना, त्याला परत बोलावावं लागलं.

म्हणजे फॉरवर्डची खरी अडचण मिनिटांची होती. वीस वर्षांच्या पोराने वर्षात दोन-अडीच हजार मिनिटं खेळायला हवीत. सरावात गोल मारून हे भरून निघत नाही. थकलेल्या पायाने ऐंशीव्या मिनिटाला कुठे पळायचं, हे सामन्यातच कळतं. घरी मात्र हिशेब लीगच्या नावाचा होता. टीव्हीवर दिसणारी लीग सोडून खालच्या लीगमध्ये जायचं म्हणजे पोरगं 'उतरलं', असं नातेवाइकांत बोललं जाणार होतं आणि वडिलांना त्याचा धसका होता.

२०२३ चा उन्हाळा

करारातलं शेवटचं वर्ष समोर होतं आणि तीन वाटा होत्या.

पहिली, तिथेच थांबून संधीची वाट बघायची. एजंट हेच सांगत होता. वरच्या लीगमध्ये नाव राहिलं तर पुढचा करार मोठा होईल, हा त्याचा मुद्दा. त्याची टक्केवारी पगारावर होती आणि खालच्या लीगमध्ये पगार अर्धा झाला असता, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

दुसरी, हंगामाच्या सुरुवातीलाच आय-लीगमधल्या, म्हणजे खालच्या लीगमधल्या, क्लबाकडे लोनवर (करार मूळ क्लबाशीच, पण काही काळ दुसरीकडे खेळायचं) जायचं. तिथल्या प्रशिक्षकाने स्वतः फोन केला होता. पहिल्या दिवसापासून खेळवतो म्हणाला.

तिसरी वाट मला सगळ्यात विचार करण्यासारखी वाटत होती. क्लबाच्या सहायक प्रशिक्षकाने फॉरवर्डला उजव्या बाजूला, विंगबॅक (कडेने बचावही करायचा आणि पुढेही धावायचं) म्हणून तयार करायचा प्रस्ताव दिला. वेग आहे, दम आहे, अंगावर खेळाडू घ्यायला घाबरत नाही, आणि त्या जागी परदेशी खेळाडू क्वचितच येतो. सहा महिने शिकायला जातील, पण पुढची दहा वर्षं उघडतील, असं त्याचं म्हणणं.

वडील माझ्या घरी आले. चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "सर, पोरगं गोल मारायला गेलंय, गोल वाचवायला न्हाई."

मी लोनच्या बाजूने बोललो, विंगबॅकचं त्यालाच ठरवू द्या म्हणालो. फॉरवर्ड स्वतः काय म्हणत होता? फोनवर तो फक्त "बघू" म्हणायचा. त्याला विंगबॅक व्हायचं नव्हतं, पण वडिलांच्या कारणासाठी नव्हे. गोलकडे पाठ करून खेळण्यातच त्याला स्वतःचं काहीतरी सापडलेलं होतं आणि ते सोडवत नव्हतं. हे कारण मला वडिलांच्या कारणापेक्षा जड वाटतं, पण ते त्याने त्या वेळी कोणालाच नीट सांगितलं नाही.

शेवटी पहिली वाट धरली गेली. डिसेंबरपर्यंत त्याला एकूण सतरा मिनिटं मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये तो लोनवर गेलाच, पण आता दुसऱ्या क्लबाकडे. उन्हाळ्यात फोन करणाऱ्या प्रशिक्षकाने दरम्यान दुसरा फॉरवर्ड घेतला होता.

गुडघा

नव्या क्लबात त्याने सलग सामने खेळले आणि चार गोल केले. मार्चच्या अखेरीस, एका साध्या वळणावर, कोणी अंगावर आलेलं नसताना, डावा पाय रोवला आणि शरीर वळलं. आतून 'कट' असा आवाज आल्याचं तो सांगतो. चालत बाहेर आला, बर्फ लावला, रात्रीत गुडघा नारळाएवढा झाला. एमआरआयमध्ये एसीएल, गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण फाटलेलं.

दोन्ही क्लबांशी असलेले कागद ३१ मेला संपत होते. पगार लोनच्या क्लबाने द्यायचा होता आणि फेब्रुवारी-मार्च थकले होते. उपचार कोणी करायचे? मूळ क्लब म्हणे, दुखापत तुमच्याकडे झाली. लोनचा क्लब म्हणे, खेळाडू तुमचा. लोनच्या करारात या बाबतीत एकच ओळ होती: 'उभय क्लब परस्परसंमतीने ठरवतील'. असली ओळ दिसली की सही करू नये. दोन्ही क्लब एकमेकांकडे बोट दाखवत बसले आणि एप्रिल गेला.

एप्रिलभर तो मिरजेत रोज फिजिओकडे जात होता. सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडीचा स्नायू जागा ठेवायचा. शस्त्रक्रियेआधी हे झालं तर नंतर गुडघा आखडत नाही. ते आठवडे फुकट गेले नाहीत ते यामुळे.

इथे दोन निर्णय एकाच वेळी घ्यायचे होते.

पगाराचा निर्णय. फिफाच्या नियमांत दोन महिन्यांचे पगार थकले की खेळाडू क्लबाला पंधरा दिवसांची लेखी मुदत देतो आणि तरी पैसे आले नाहीत तर करार मोडू शकतो. वडिलांना करार मोडायचा होता, रागातच. सांगलीतल्या एका वकिलांनी आणि मी त्यांना थांबवलं. धडधाकट खेळाडूसाठी हे हत्यार आहे. करार मोडला की तो दुसरीकडे नोंदणी करू शकतो. गुडघा फाटलेल्याने करार मोडला तर उपचाराची जबाबदारी टाळायला क्लबाला आयतं कारण मिळतं. म्हणून नोटीस काढली, करार मोडला नाही. थकबाकी मागितली, उपचाराचं कलम उद्धृत केलं, पैसे न आल्यास भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे (खेळाडू आणि क्लब यांचे वाद बघणारी समिती) जाऊ असं लिहिलं. ईमेलने पाठवली आणि रजिस्टर पोस्टानेही, कारण ईमेल 'दिसला नाही' हे उत्तर आम्हाला आधी दोनदा मिळालेलं होतं.

एका महिन्याचा पगार मुदतीत आला. उरलेला तडजोडीत, हप्त्यांनी.

शस्त्रक्रियेचा निर्णय. मूळ क्लबाने मेच्या मध्यावर खर्च मान्य केला, पण विमा ३१ मेपर्यंतचाच. त्यांच्या ठरलेल्या हॉस्पिटलात परराज्यात करायची की मिरजेत? मोठ्या शहरातला सर्जन खेळाडूंचे गुडघे रोज करतो, हा एक मुद्दा. पण पहिले सहा आठवडे तिथल्या हॉस्टेलवर कुबड्या घेऊन एकट्याने काढायचे, आणि ३१ मेनंतर ते हॉस्टेलही राहणार नाही. मिरजेला एवढी हॉस्पिटलं आहेत की कर्नाटकातून पेशंट येतात. लिगामेंटचं काम नेहमी करणारे सर्जन बघून तिथेच मेच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन नवं लिगामेंट बसवलं. क्लबाने ठरलेली रक्कम दिली, वरचा फरक घरच्यांनी भरला.

कोल्हापूरचा निरोप

जानेवारी २०२५. शस्त्रक्रियेला साडेसात महिने झालेले, फॉरवर्ड सरळ रेषेत मस्त पळत होता. कोल्हापूरच्या एका तालमीचे दोन पदाधिकारी गाडी घेऊन सांगलीला आले. हंगाम सुरू होता, त्यांचा फॉरवर्ड जायबंदी होता. ठोक रक्कम, निम्मी आगाऊ. म्हणाले, पूर्ण सामना नको, शेवटची वीस मिनिटं उतरव. लोकांना तुझं नाव माहीत आहे.

वर्षभर कमाई नसलेल्या घरात ती रक्कम मोठी होती. आणि खरं सांगायचं तर पैशापेक्षा स्टेडियम मोठं होतं. दहा महिने कोणी टाळी वाजवलेली नव्हती.

आम्ही एक साधी चाचणी केली. शाळेच्या व्हरांड्यात खडूची रेघ मारली, टेप पसरला. एका पायावर उभं राहायचं, त्याच पायावर लांब उडी मारायची आणि तोल न जाता थांबायचं. उजवा पाय: १.६२ मीटर. डावा: १.२१. तीनदा केली, त्यातली सगळ्यात चांगली धरली. डावा पाय उजव्याच्या पंचाहत्तर टक्के. मैदानात परतायला निदान नव्वद लागतात, आणि ही एकच चाचणी पुरेशी नसते. शिवाय डाव्यावर उतरताना गुडघा आत झुकत होता. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हळू करून दाखवला तेव्हा तो त्यालाच दिसला. मी काही बोललो नाही. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांत लिगामेंट पुन्हा फाटण्याचा धोका बराच जास्त असतो, हे फिजिओने पुन्हा सांगितलं.

वडील गप्प बसले होते. या वेळी नकार फॉरवर्डने स्वतः कळवला. तालमीच्या लोकांना वाईट वाटलं, पण त्यातला वयस्कर माणूस जाताना म्हणाला, "पुढल्या हंगामाला ये. गुडघा घेऊन ये."

एप्रिलमध्ये त्याच चाचणीत १.६६ आणि १.५८ आले.

काय झालं

२०२५ च्या उन्हाळ्यात चाचण्या द्यायच्या ठरल्या होत्या. जुलैमध्ये आयएसएलच चालवण्याच्या हक्कांच्या करारावरून थांबली, क्लबांनी भरती गोठवली, काहींनी खेळाडूंचे पगारही थांबवले. वरच्या लीगचे खेळाडू खालच्या लीगमध्ये जागा शोधू लागले. अशा वेळी पंधरा महिने न खेळलेल्या स्ट्रायकरला कोण विचारणार?

खालच्या पातळीवरच्या एका क्लबाने आठ महिन्यांचा करार देऊ केला, पण पगार सामन्यागणिक आणि उपचाराचं कलमच नाही. ते कलम घालायला त्यांनी नकार दिला, फॉरवर्डने करार नाकारला. २०२५ च्या अखेरीस तो कोल्हापूरच्या त्याच तालमीकडून नोंदला गेला. एका पानाचा का होईना, कागद केला: रक्कम, हप्ते, सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली तर खर्च कोणाचा. तालमीत असं लिहून मागणं जरा विचित्र दिसलं. त्यांनी सही केली.

खेळतो उजव्या बाजूने. विंगबॅक नव्हे, पुढे. प्रशिक्षकाने सांगितलं आणि त्याने ऐकलं. सकाळी सांगलीत पोरांना शिकवतो, मुक्त विद्यापीठातून बी. ए. चालू आहे, फेडरेशनचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स करायचं मनात आहे. एजंटचा फोन येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात महाग पडला तो २०२३ चा उन्हाळा, गुडघा नव्हे. गुडघा कोणाचाही जाऊ शकतो. पण त्या हंगामात पहिल्यापासून खेळलेला खेळाडू दुखापतीनंतर क्लबांच्या लक्षात राहिला असता; सतरा मिनिटांचा राहिला नाही. लोनचं निमंत्रण आलं तेव्हा घरात एकच प्रश्न पुरेसा होता: कुठे किती खेळायला मिळेल? तो विचारला गेला नाही, कारण एजंट टेबलावर होता आणि फॉरवर्ड टेबलावर नव्हता. वीस वर्षांच्या पोराच्या करिअरची बैठक त्याच्याशिवाय झाली. पुढच्या वेळी असं कोणी माझ्याकडे आलं तर पोरगं समोर बसल्याशिवाय मी कागद उघडणार नाही.

विंगबॅकच्या प्रस्तावाबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. जागेचा हिशेब तिकडे होता, पण मनाविरुद्ध बचावात लावलेला फॉरवर्ड दुसऱ्याच वर्षी कंटाळलेला मी पाहिला आहे. सहा महिन्यांची चाचपणी करून बघता आली असती. सराव सामन्यात खेळून बघायला काही सही लागत नाही.

लोनच्या कागदातली ती 'परस्परसंमती' एका ईमेलने सुधारून घेता आली असती. जानेवारीत दोन्ही क्लबांना त्याची गरज होती, तेव्हा कोणीही ओळ बदलून दिली असती. एप्रिलमध्ये कोणालाच गरज नव्हती.

शेवटची गोष्ट आमच्या भागातल्या पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. तिथे मागतात ती मान्यताप्राप्त संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं, राज्याच्या संघातून खेळल्याची, क्रमांक मिळवल्याची. क्लबाच्या बाकावरच्या तीन हंगामांना त्या अर्जात रकाना नाही. चौदाव्या वर्षी अकादमीत गेल्यामुळे त्याच्या शालेय राष्ट्रीय स्पर्धा हुकल्या, पुढे क्लबाच्या हंगामामुळे संतोष करंडक या राज्यसंघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड चाचण्या. २०२२ मध्ये एकदा महाराष्ट्राच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं. क्लबाने सोडायला नाखुशी दाखवली आणि घरच्यांनी आग्रह धरला नाही, कारण त्या वेळी तो टीव्हीवरच्या लीगचा खेळाडू होता. तो आता बावीस वर्षांचा आहे. पुढच्या निवड चाचणीसाठी त्याने नाव दिलं आहे, अर्जात जागेच्या रकान्यात 'उजवा विंगर' लिहिलं आणि खाली पर्यायी जागा म्हणून 'स्ट्रायकर'.